अर्ल स्क्रग्ज आणि तीन बोटांची परंपरा

१

‘बँजो’ हा शब्द महाराष्ट्रीयांच्या कानांना नवा नाही. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत ताशांच्या जोडीने जे तारवाद्य मोठ्या उत्साहाने वाजत असते, त्याला आपल्याकडे बँजो असेच म्हणतात. तथापि ते वाद्य खऱ्या बँजोच्या कुळातले नव्हे. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून वाजवले जाणारे हे वाद्य १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी सिद्ध केलेल्या ‘ताइशोगोतो’चे भारतीय रूप असून ‘बुलबुलतरंग’ हे त्याचे दुसरे नाव आहे. नाव एकाचे आणि वाद्य दुसरेच, असा हा प्रकार आहे.

मूळ बँजो अगदी निराळा. डफासारख्या गोल कड्यावर ताणून बसवलेले कातडे, त्याला जोडलेली लांब दांडी, दांडीवर पडदे आणि कातड्यावर टेकलेल्या घोडीवरून गेलेल्या पाच तारा, असे त्याचे स्वरूप. पाचांपैकी एक तार आखूड असते. तिची खुंटी इतर तारांच्या खुंट्यांबरोबर शेंड्याला नसून दांडीच्या मध्यावर, पाचव्या पडद्याजवळ असते. ही तार अंगठ्याने छेडतात आणि ती बहुधा एकच उंच स्वर देत राहते. सतारीच्या चिकारीची ज्याला ओळख आहे, त्याला या तारेचे कार्य समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या वाद्याच्या इतिहासात अर्ल स्क्रग्ज या अमेरिकन वादकाचे नाव असे रुजले आहे की, उजव्या हाताची तीन बोटे वापरून बँजो वाजवण्याच्या पद्धतीला जगभर ‘स्क्रग्ज पद्धती’ असेच म्हणतात. त्यांचे चरित्र मनोरंजक आहेच. परंतु ते येथे सांगावयाचे ते त्यातून उठणाऱ्या दोन प्रश्नांसाठी. एखादी कलापद्धती एका माणसाच्या नावाने ओळखली जाऊ लागली, म्हणजे तिचे श्रेय त्या एकट्याचे असते काय? आणि ज्याच्या हाती परंपरा अशी सिद्ध होऊन आली, त्याने ती जशीच्या तशी राखावी की पुढे न्यावी? भाषा, साहित्य आणि विद्या यांचा व्यवहार करणाऱ्या सर्वांनाच हे प्रश्न केव्हा ना केव्हा पडतात.

२

बँजोचे मूळ अमेरिकेत नाही, ते पश्चिम आफ्रिकेत आहे. सेनेगल आणि गँबिया या प्रदेशांत ‘अकोंटिंग’ नावाचे एक लोकवाद्य आजही वाजवले जाते. त्याचा तुंबा भोपळ्याचा, त्यावर कातडे, आणि त्यालाही अंगठ्याने छेडावयाची एक आखूड तार असते. सतराव्या शतकापासून गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या आफ्रिकन लोकांनी अशा वाद्यांची स्मृती आपल्याबरोबर नेली आणि कॅरिबियन बेटांवर व उत्तर अमेरिकेच्या मळ्यांवर हाती लागेल त्या सामग्रीतून नवे वाद्य घडवले. बँजोचा जन्म असा झाला. पुढे दीडदोन शतके हे वाद्य कृष्णवर्णीयांचेच समजले जात असे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हर्जिनियातील जोएल वॉकर स्वीनी याच्यासारखे गोरे वादक रंगमंचावर बँजो वाजवू लागले. १८४० नंतर तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणारे खेळ अमेरिकेत अतिशय लोकप्रिय झाले आणि त्या खेळांचे मुख्य वाद्य बँजो हे होते. ज्यांनी वाद्य दिले, त्यांचीच टवाळी त्या वाद्याच्या साथीने होऊ लागली. कालांतराने बहुतेक कृष्णवर्णीय वादकांनी बँजो खाली ठेवला, त्याला हा अपमानही एक कारण झाला असला पाहिजे. दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी मात्र तो उचलला. तेथे तो नखाच्या पाठीने तारांवर वरून खाली आघात करून, मधून अंगठ्याने आखूड तार छेडून वाजवीत. त्याच्या साथीवर लोक नाचत.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतल्याविना पुढील कथा अपुरी राहील. ब्लूग्रास संगीत हे गोऱ्या डोंगरी लोकांचे संगीत म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचा जनक मानला जाणारा बिल मन्रो हा स्वतः आर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाचे ऋण मान्य करीत असे. परंपरेच्या प्रवाहाला मिळणारे सर्वच ओढे नकाशावर दाखवलेले नसतात.

३

अर्ल स्क्रग्ज यांचा जन्म ६ जानेवारी १९२४ रोजी उत्तर कॅरोलायना राज्यातील क्लीव्हलँड परगण्यात, फ्लिंट हिल नावाच्या वस्तीत झाला. वडील जॉर्ज शेतकरी होते आणि हिशेबनीसीचे कामही करीत. ते बँजो वाजवीत. आई लूला हिला पेटीसारखा पायाने चालवावयाचा ऑर्गन वाजवता येत असे. अर्ल चार वर्षांचा असताना वडील वारले. बँजो घरातच राहिला. थोरले भाऊ ज्यूनी आणि होरेस वाजवीत, आणि लहानग्या अर्लला वाद्य मांडीवर पेलत नसे तेव्हापासून तो त्याच्याशी झटू लागला.

त्या घरच्या रियाजाची एक हकीकत प्रसिद्ध आहे. अर्ल आणि होरेस हे दोघे भाऊ घरापुढे पाठीला पाठ लावून उभे राहत, एकच धून एकाच वेळी सुरू करीत आणि वाजवीत वाजवीत विरुद्ध दिशांनी घराला फेरी घालीत. मागच्या बाजूला गाठ पडे तेव्हा दोघांची लय जुळलेली आहे की नाही, हे कळून येई. त्यांना ताल धरून दाखवणारा गुरू नव्हता, लय मोजणारे यंत्रही नव्हते. घराच्या चार भिंतींनाच त्यांनी परीक्षक केले. विद्यार्थ्याला स्वतःची चूक स्वतः पकडता येईल अशी योजना करणे, हे शिक्षणाचे मोठे रहस्य या दोन शेतकरी मुलांना आपोआप उमगले होते.

तीन बोटांचे वादन अर्लने शोधून काढले, असे पुष्कळदा लिहिले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरांतील दिवाणखान्यांत बँजो गिटारप्रमाणे बोटांनी छेडून वाजवला जात होता. उत्तर कॅरोलायनातील चार्ली पूल या गिरणीकामगार वादकाच्या तीन बोटांच्या वादनाची ध्वनिमुद्रिका १९२५ मध्येच निघाली होती आणि ती घरोघर पोहोचली होती. क्लीव्हलँड परगण्याच्या आसपासच्या चिमुकल्या टापूत तर या पद्धतीची एक स्थानिक शाखाच होती. स्मिथ हॅमेट आणि रेक्स ब्रूक्स हे तिचे जुने वादक. त्यांच्याकडून ती ‘स्नफी’ जेंकिन्स याने उचलली आणि १९३० नंतरच्या दशकात शार्लट येथील आकाशवाणी केंद्रावरून ऐकवली. मॅक वुलब्राइट नावाच्या एका अंध वादकाचे वादन अर्लने सहा वर्षांच्या वयात आपल्या काकांच्या घरी ऐकले होते. ती आठवण त्याने जन्मभर जपली.

अर्लला स्वतःला ही पद्धत दहाव्या वर्षी साधली. भावाशी कसलेसे भांडण झाले म्हणून तो बँजो घेऊन एकटाच खोलीत जाऊन बसला आणि अर्धवट तंद्रीत ‘रूबेन’ ही जुनी धून वाजवू लागला. भानावर आला तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, आपली तीन बोटे चालत आहेत. ही हकीकत ते स्वतः सांगत. तिच्यात चमत्काराचा भास असला तरी चमत्कार नाही. जे कानांवर वर्षानुवर्षे पडत होते, ते त्या दिवशी बोटांत उतरले, एवढाच तिचा अर्थ.

४

मग स्क्रग्ज यांचे स्वतःचे असे काय? याचे उत्तर लयीच्या हिशेबात आहे.

अंगठा, तर्जनी आणि मध्यमा या तीन बोटांत नख्या घालून तारा एकामागून एक छेडल्या म्हणजे तीन-तीन स्वरांचे गुच्छ निर्माण होतात. परंतु नृत्याच्या धुनींची चाल आठ द्रुत आघातांच्या आवर्तनाची असते. आठाला तीनने पूर्ण भाग जात नाही. म्हणून तीन, तीन आणि दोन अशी वाटणी करावी लागते. आपल्या केरव्याच्या आठ मात्रांवर जो तबलजी तीन-तीन-दोन असे वजन टाकून पाहील, त्याला या वादनाचे मर्म लगेच कळेल. वजन प्रत्येक वेळी अपेक्षित जागेपासून किंचित सरकते, आणि आवर्तन पुरे होताच पुन्हा समेवर येऊन बसते. ऐकणाऱ्याला वेग दुप्पट झाल्याचा भास होतो, वस्तुतः लय स्थिरच असते.

ही युक्ती पूर्वीच्या वादकांनाही थोडीबहुत अवगत होती. पण त्यांच्या वादनात स्वरांच्या गुच्छांत धून हरवे, किंवा धून दाखवताना प्रवाह तुटे. स्क्रग्ज यांनी दोन्ही गोष्टी एकत्र साधल्या. बोटांचा क्रम त्यांनी असा बदलता ठेवला की, धुनीचा प्रत्येक स्वर ज्या क्षणी हवा त्याच क्षणी, ज्या बोटावर येईल त्या बोटाने, थोड्या अधिक जोराने वाजे, आणि भोवतीचे स्वर पाण्यासारखे अखंड वाहत राहत. दुसऱ्या दालनातून ऐकणाऱ्यालाही गाणे ओळखता यावे, हे त्यांचे धोरण होते. शेकडो जलद स्वरांतून साध्या गाण्याचे शब्द जणू ऐकू यावेत, ही त्यांची खरी सिद्धी. वेग पुष्कळांनी मिळवला, ही स्पष्टता फार थोड्यांना लाभली.

५

प्रतिभा होती म्हणून मार्ग लगेच खुला झाला असे नाही. पंधराव्या वर्षी, १९३९ मध्ये, अर्लने मॉरिस बंधूंच्या पथकात काही महिने वाजवले. पण विधवा आई आणि धाकटी बहीण यांचा भार त्याच्यावर होता. महायुद्धाच्या काळात तो शेल्बी येथील लिली गिरणीत शिवणाचा दोरा तयार करण्याचे काम करीत होता. कुटुंबाचा एकमेव पोशिंदा म्हणून त्याला सैन्यभरतीतून सूट होती. १९४५ मध्ये युद्ध संपल्यावर त्याने गिरणी सोडली आणि ‘लॉस्ट जॉन’ मिलर यांच्या पथकात प्रवेश केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो नॅशव्हिल येथे बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या पथकात दाखल झाला.

या ठिकाणी दैवयोगाचाही विचार केला पाहिजे. स्क्रग्जपेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला डॉन रीनो हा दक्षिण कॅरोलायनाचा वादकही तीन बोटांनीच वाजवी, आणि मन्रोने १९४३ मध्ये त्याला आपल्या पथकात बोलावले होते. रीनो गेला तो सैन्यात, आणि तेथून ब्रह्मदेशाच्या रणभूमीवर. तो परत आला तेव्हा ती जागा भरली होती. तो पूर्वीच्याच पद्धतीने वाजवू लागला, तेव्हा लोक त्याला स्क्रग्जचे अनुकरण करणारा म्हणू लागले. शेवटी त्याने हेतुपुरस्सर वेगळी शैली घडवली. नियतीने फासा किंचित वेगळा टाकला असता तर या पद्धतीला कोणाचे नाव पडले असते, हे कोणी सांगावे?

मन्रो स्वतः मँडोलिन वाजवीत आणि उंच, टिपेच्या स्वरात गात. त्यांचे मूळ राज्य केंटकी. ‘ब्लूग्रास राज्य’ हे त्याचे लौकिक नाव, आणि त्यावरून पथकाला व पुढे एका संगीतप्रकाराला नाव मिळाले. स्क्रग्जपूर्वी त्यांच्याकडे ‘स्ट्रिंगबीन’ या नावाने प्रसिद्ध असलेला विनोदी नट बँजो वाजवी. त्या काळी बँजो हे विदूषकाचे वाद्य समजले जाई. वादकाने विचित्र कपडे घालावेत, चुटके सांगावेत आणि मधून मधून तारा छेडाव्यात, अशी अपेक्षा असे. पथकातील गायक व गिटारवादक लेस्टर फ्लॅट यांना तर बँजोमुळे लय रेंगाळते असेच वाटत होते आणि नव्या बँजोवाल्याची वार्ता ऐकून ते मुळीच आनंदित झाले नव्हते. स्क्रग्ज यांचे वादन ऐकताच त्यांचे मत पालटले.

१८९२ साली प्रार्थनामंदिर म्हणून बांधलेल्या रायमन सभागृहातून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम दर शनिवारी रात्री डब्ल्यूएसएम केंद्रावरून प्रक्षेपित होई. ५०,००० वॉटच्या त्या केंद्राचा आवाज रात्री कित्येक राज्यांपर्यंत जाई. त्या रंगमंचावर एक लाजाळू तरुण साध्या पोशाखात, चेहऱ्यावर कसलाही भाव न आणता उभा राहिला आणि वाजवू लागला. त्याने विनोद केला नाही, एक शब्दही बोलला नाही, आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा वर्षाव केला. एका वाद्याची सामाजिक पायरी त्या काळात बदलली. ज्याला लोक हसत होते, त्याला ते ऐकू लागले.

मन्रो, फ्लॅट, स्क्रग्ज, व्हायोलिनवर चबी वाइज आणि मोठ्या बासवर हॉवर्ड वॉट्स या पाच जणांनी १९४६ व १९४७ मध्ये शिकागो येथे जे ध्वनिमुद्रण केले, तेच ब्लूग्रास संगीताचे पहिले प्रमाणरूप मानले जाते. हे पथक जेमतेम दोनच वर्षे एकत्र होते.

६

अखंड प्रवास, अपुरी झोप आणि मोटारीतच काढलेल्या रात्री यांना कंटाळून १९४८ च्या आरंभी स्क्रग्ज यांनी मन्रोंची नोकरी सोडली. गिरणीत परत जावे आणि आईजवळ राहावे, असा त्यांचा विचार होता. फ्लॅट हेही बाहेर पडले होते आणि त्यांनाही गिरणीकामाचा अनुभव होता. या दोघांनी मिळून ‘फॉगी माउंटन बॉइज’ हे पथक काढले. मन्रोंना हा घाव फार लागला आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी या दोघांशी अबोला धरला.

याच सुमारास एक वाद्य हातोहात फिरत स्क्रग्ज यांच्याकडे आले. १९३० च्या सुमारास बनवलेला ‘ग्रनाडा’ जातीचा तो गिब्सन बँजो पूर्वी स्नफी जेंकिन्सच्या हाती होता. त्याच्याकडून तो डॉन रीनोकडे गेला आणि रीनोशी वाद्यांची अदलाबदल करून स्क्रग्ज यांनी तो घेतला. अखेरपर्यंत हेच त्यांचे मुख्य वाद्य राहिले. तीन बोटांच्या परंपरेचा जणू तो हस्तांतरलेखच होता.

११ डिसेंबर १९४९ रोजी सिनसिनाटी येथे त्यांनी ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ ही स्वतःची रचना ध्वनिमुद्रित केली. तीन मिनिटांहूनही लहान असलेली ही रचना बँजो शिकणाऱ्या प्रत्येकाच्या अभ्यासक्रमात आज असते. ‘अर्ल्स ब्रेकडाउन’ आणि ‘फ्लिंट हिल स्पेशल’ या रचनांत त्यांनी तार वाजत असतानाच खुंटी पिळून स्वर उतरवण्या-चढवण्याची योजना केली व त्यासाठी विशेष खुंट्या घडवल्या. आपल्याकडील मींडेची आठवण यावी, असा तो परिणाम आहे.

कलेला आश्रय लागतो, आणि तो प्रत्येक युगात निराळ्या दारातून येतो. या पथकाला तो १९५३ पासून ‘मार्था व्हाइट’ या पिठाच्या कंपनीने दिला. पहाटे पावणेसहा वाजता, शेतकऱ्यांच्या न्याहारीच्या वेळी, त्यांचा कार्यक्रम आकाशवाणीवरून ऐकू येई, आणि त्याबरोबर पिठाचे गुणगानही होई. कंपनीचा खप वाढला आणि तिच्याच आग्रहाने, मन्रोंचा विरोध असताही, १९५५ मध्ये त्यांना ऑप्रीचे सभासदत्व मिळाले. त्याच वर्षी आजारी आईच्या भेटीस सहकुटुंब जात असताना मोटारीला अपघात होऊन स्क्रग्ज जबर जखमी झाले. कमरेच्या त्या दुखण्याने त्यांना पुढे अनेक वर्षे त्रास दिला.

या यशात त्यांच्या पत्नी लुईस यांचा वाटा मोठा आहे. १९४८ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि १९५५ च्या सुमारास पथकाची सर्व व्यवस्था लुईस यांनी हाती घेतली. त्या क्षेत्रात स्त्री व्यवस्थापक ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती. हिशेब, करार, पत्रव्यवहार त्या पाहतच. पण डोंगरी संगीताला शहरातील विद्यापीठांत नवा श्रोता मिळू शकेल, हे त्यांनी वेळेवर ओळखले. १९५९ च्या न्यूपोर्ट येथील लोकसंगीत महोत्सवात स्क्रग्ज गेले. फ्लॅट गेले नाहीत. ८ डिसेंबर १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दोघांचा कार्यक्रम झाला.

त्याच वर्षी ‘बेव्हर्ली हिलबिलीज’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकगीतासाठी विचारणा झाली, तेव्हा लुईस यांनी प्रथम नकार दिला. खेड्यातल्या माणसांची यात टिंगल तर नाही ना, अशी त्यांना शंका होती. निर्मात्याने पहिला भाग दाखवल्यावरच त्यांनी संमती दिली. ते गीत जानेवारी १९६३ मध्ये ‘कंट्री’ संगीताच्या कोष्टकात अग्रस्थानी गेले. ब्लूग्रासला हा मान प्रथमच मिळत होता. शंभर वर्षांपूर्वी बँजोच्या साथीने ज्यांची थट्टा झाली ते कृष्णवर्णीय होते, आता थट्टेची भीती डोंगरी गोऱ्यांना वाटत होती. हे वाद्य ज्याच्या हाती असेल त्याला आपली प्रतिष्ठा सांभाळण्याची दक्षता घ्यावीच लागली.

१९६७ मध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ या चित्रपटात मोटारींच्या पाठलागाच्या प्रसंगी ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ वाजली आणि तिची कीर्ती जगभर गेली. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक सूक्ष्म गोष्ट टिपून ठेवावी. चित्रपटाची कथा १९३० नंतरच्या दशकातली, रचना १९४९ सालची. ज्या काळात ही पद्धत एका लहानशा टापूबाहेर फारशी कोणाला ठाऊक नव्हती, त्या काळाचे प्रतीक म्हणून ती प्रेक्षकांच्या मनात बसली. लोकप्रिय कला इतिहास जितक्या वेगाने पसरवते, तितक्याच वेगाने तो बदलूनही टाकते.

७

यशाच्या शिखरावर असतानाच मतभेद सुरू झाले. स्क्रग्ज यांचे मुलगे मोठे झाले होते आणि त्यांच्या पिढीचे संगीत घरात वाजत होते. विजेच्या गिटारी, तालवाद्ये, बॉब डिलन यांची गाणी यांविषयी पित्याला कुतूहल वाटे. फ्लॅट यांना ते रुचत नव्हते. आपल्या श्रोत्यांना जे आवडते ते सोडून परके गाणे का गावे, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अप्रामाणिक नव्हता. १९६९ मध्ये एकवीस वर्षांची भागीदारी संपली. फ्लॅट यांनी नवे पथक उभारून जुनीच चाल राखली. स्क्रग्ज यांनी मुलांसह ‘अर्ल स्क्रग्ज रेव्ह्यू’ काढले.

त्याच वर्षी १५ नोव्हेंबर रोजी वॉशिंग्टन येथे व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जो विराट मेळावा झाला, त्यात ते वाजवायला गेले. त्यांच्या क्षेत्रातील फारच थोड्या कलावंतांनी असे धैर्य दाखवले. ज्यांच्या पिठाच्या जाहिरातीवर आणि शेतकरी श्रोत्यांवर आयुष्य उभे राहिले होते, त्यांपैकी अनेकांना हे पटणारे नव्हते. मितभाषी मनुष्य भित्रा असतो ही समजूत किती चुकीची आहे, हे यावरून दिसते.

या नव्या संगीतात सर्वच उत्तम होते, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. विजेच्या वाद्यांच्या गर्दीत त्यांच्या बँजोची ती निर्मळ स्पष्टता पुष्कळदा झाकून जाई. जुन्या रसिकांचा आक्षेप केवळ हट्टाचा नव्हता. परंतु १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ या तरुणांच्या पथकाने नॅशव्हिलला येऊन जुन्या पिढीच्या कलावंतांना एकत्र आणले आणि पुढील वर्षी तो ध्वनिमुद्रिकांचा संच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यामागे स्क्रग्ज यांचा शब्द होता. मन्रो यांनी त्यात भाग घेण्यास नकार दिला. त्या संचामुळे दुरावलेल्या दोन पिढ्या एका दालनात बसल्या, आणि हजारो शहरी तरुणांना आपल्याच देशातील जुन्या संगीताची ओळख झाली. जुने टिकवण्याचे कार्य त्या प्रसंगी, जुने सोडल्याचा ज्यांच्यावर आरोप होता त्यांच्या हातून घडले.

फ्लॅट ११ मे १९७९ रोजी वारले. त्यापूर्वी रुग्णालयात स्क्रग्ज त्यांना भेटून आले होते. १९८५ मध्ये ‘कंट्री’ संगीताच्या सन्मानमंदिरात दोघांची नावे एकत्रच दाखल झाली.

८

शिक्षकांच्या दृष्टीने स्क्रग्ज यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची घटना कदाचित १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक ही असेल. पाच तारांच्या बँजोवरील या पुस्तकात त्यांनी आपली सर्व विद्या उघड केली. त्यांना स्वरलिपी येत नव्हती. त्यांचे वादन कानांनी टिपून लिहून काढण्याचे काम बॉस्टनचे बिल कीथ यांनी केले. पाच रेषा म्हणजे पाच तारा, रेषेवरचा अंक म्हणजे पडद्याची संख्या, आणि खाली बोटाची खूण, अशी ती सोपी पद्धत. ज्याला संगीतशास्त्राचे अक्षरही ठाऊक नाही, त्यानेही घरी बसून शिकावे, अशी तिची योजना होती. बँजो घरी कसा बनवावा, हेही त्यात सांगितले आहे.

मौखिक विद्या लिहिली म्हणजे तिच्यातील काहीतरी निसटते, हे खरे. वजन, श्वास आणि दोन स्वरांमधील ते सूक्ष्म थांबणे कागदावर उतरत नाही. परंतु न लिहिल्यामुळे काय होते, तेही या कथेतच दिसते. स्मिथ हॅमेट कसे वाजवीत होते, हे सांगणारे आता कोणी राहिले नाही. विद्या त्यांच्या शिष्यांच्या बोटांत गेली म्हणून निदान त्यांचे नाव तरी उरले. त्यांच्याही आधी ज्या आफ्रिकन हातांनी पहिले तुंबे मढवले, त्यांची नावेसुद्धा उरली नाहीत. स्क्रग्ज यांनी आपल्या पूर्वसूरींचा उल्लेख कधी टाळला नाही. पद्धतीला स्वतःचे नाव मिळाले असता ती आपली एकट्याची नाही, हे सांगत राहणे ही लहान गोष्ट नव्हे.

सन्मान पुढे भरपूर आले. १९९२ मध्ये राष्ट्रीय कलापदक मिळाले. ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ला १९६९ मध्ये ग्रॅमी पारितोषिक लाभले होते, तिच्याच नव्या ध्वनिमुद्रणाला २००२ मध्ये ते पुन्हा लाभले. २००६ मध्ये लुईस यांचे निधन झाले. २८ मार्च २०१२ रोजी नॅशव्हिल येथे वयाच्या ८८ व्या वर्षी स्क्रग्ज यांनी देह ठेवला. त्यांचा अंत्यविधी त्याच रायमन सभागृहात झाला. २०१४ मध्ये शेल्बी गावच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. ज्या गावच्या गिरणीत ते दोरा कातीत होते, तेच हे गाव.

याच उत्तर कॅरोलायनात २००५ मध्ये ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हे तरुण कृष्णवर्णीयांचे पथक निघाले. जो थॉम्पसन या वृद्ध कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाच्या ओसरीवर बसून त्यांनी जुन्या धुनी शिकून घेतल्या आणि पूर्वजांचे वाद्य पुन्हा हाती धरले. त्यांचे वादन स्क्रग्ज पद्धतीचे नाही, ते तिच्याही आधीचे आहे. बँजोच्या इतिहासातील गाळलेले पान अशा रीतीने पुन्हा जोडले जात आहे.

आरंभीच्या दोन प्रश्नांचे उत्तर या चरित्रातून मिळते, असे वाटते. पद्धती एकट्याची नसते. अनेकांनी अर्धीमुर्धी घडवलेली गोष्ट जो पूर्णत्वाला नेतो, त्याचे नाव तिला मिळते, आणि त्या नावाबरोबर इतरांची नावे सांगत राहण्याचे कर्तव्यही त्याच्याकडे येते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. फ्लॅट यांनी राखले म्हणून जुनी चाल शुद्ध राहिली. स्क्रग्ज यांनी दारे उघडली म्हणून ती ऐकायला नवी माणसे आली. यांपैकी एकानेच आपले कार्य केले असते, तर ते संगीत एक तर संग्रहालयात राहिले असते किंवा ओळखू न येण्याइतके बदलले असते. परंपरेला दोघांचीही गरज असते. मात्र दोघांनी एकमेकांशी अबोला धरण्याची गरज नसते, हे रुग्णालयातल्या त्या उशिराच्या भेटीने सांगितले. ते थोडे आधी कळते, तर बरे झाले असते.